केरबाची सुटका

त्या वर्षी चिनी नववर्ष उलटलं आणि सिंगापुरात सेंगकांग भागातला पाऊस बंद झाला. रोज दुपारी काळं भरून यायचं, वारा सुटायचा, आणि ढग तसेच समुद्राकडं निघून जायचे. ब्लॉकांमधली हिरवळ करपून भुसकटासारखी झाली. खाडीच्या काठी बागेत भाड्यानं मिळणारे वाफे होते, फळ्यांनी बांधलेले, खाटेएवढे. लोकांनी हौसेनं लावलेली भेंडी आणि पालक माना टाकायला लागली.

हेमचंद्र मल्लाव आंग मो किओच्या कारखान्यातून सुटला की तडक तिथं यायचा. बूट काढायचा, पँट पोटरीपर्यंत दुमडायचा आणि खुरपं घेऊन वाफ्यात बसायचा. त्यानं कलिंगडाचे वेल लावले होते. फळ धरलं तरी मुठीपेक्षा मोठं होत नव्हतं. बायको अनघा म्हणायची की कलिंगड खाली दुकानात चांगलं मिळतं. तो हसायचा. त्याला फळ नको होतं, हाताला माती हवी होती.

शेजारचा वाफा एका म्हाताऱ्या बाईंचा होता. नळापासून त्या अर्धी बादली घेऊन यायच्या, मध्येच खाली ठेवायच्या, कमरेला हात लावून उभ्या राहायच्या. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा कातडीत रुतलेला. एकदा बादली कलंडली तेव्हा त्यांच्या तोंडून मराठी शब्द गेला आणि हेमचंद्र उठला. तेव्हापासून त्यांचं पाणी तोच आणायला लागला.

त्यांचं नाव मालती. पुण्याहून आलेल्या. मुलगा उन्मेष बँकेत, सूनही नोकरीला. दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हल्ली विसरायला लागलेत, घरात एकटे ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांना बरोबर आणायचं आणि झाडाखालच्या बाकावर बसवायचं. हे सगळं त्यांनी पाणी घालता घालता सांगितलं. हेमचंद्रला त्यांचा सहवास आवडला. त्या अळूवड्यांचा डबा आणायच्या. तो त्यांना काकू म्हणायला लागला.

यजमान बाकावर काठी टेकून ताठ बसलेले असायचे. कोणाशी बोलत नसत. एके दिवशी हेमचंद्र बादली घेऊन पुढून चालला होता, तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली.

"नाव सांग."

हेमचंद्रनं हसून नाव सांगितलं.

"बापाचं नाव?"

"केरबा."

"गाव?"

म्हातारा त्याच्याकडं बघत नव्हता. मांडीवर नसलेल्या कागदाकडं बघून विचारत होता, आणि प्रत्येक प्रश्नानंतर नाकातून थोडा श्वास सोडत होता. हेमचंद्रच्या हातातली बादली जड झाली. त्यानं गावाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, काठी बाजूला घेतली आणि पुन्हा खाडीकडं बघत बसला.

हेमचंद्र काकूंच्या वाफ्याशी आला. यजमान नोकरीला कुठं कुठं होते, असं त्यानं विचारलं. त्यांनी सात-आठ तालुके सांगितले. त्यात हेमचंद्रचा तालुकाही होता. तिथं ते तहसीलदार होते. मनोहर साहेब.

पाणी ओतून झालं होतं तरी तो बादली उपडीच धरून उभा होता.

घरी आल्यावर अनघानं ताट वाढलं. तो जेवला नाही. त्यानं तिला सांगितलं की तो माणूस इथं आहे. कोण माणूस हे तिला विचारावं लागलं नाही. लग्नाआधीच त्यानं तिला सगळं सांगितलं होतं.

केरबा भोई होता. नदीवर होडी चालवायचा, माणसं या काठावरून त्या काठावर सोडायचा, आणि पाणी उतरलं की वाळवंटात कलिंगडाची वाडी करायचा. मग वाळूवाले आले. होड्या आणि यंत्रं लावून पात्र उपसायला लागले. वाडीची जागा खड्ड्यात गेली. पैलतीरच्या एका बाईचा पाय त्या खड्ड्यात गेला आणि ती परत वर आली नाही. तिचं प्रेत केरबानंच काढलं. तिला काढल्यावर तो ओल्या धोतरानं तालुक्याला गेला आणि वाळूवाल्याचं नाव घेऊन तक्रार दिली. तो वाळूवाला तहसीलदारांचा मेहुणा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस मेलंय म्हटल्यावर साहेब ऐकतील, असं त्याला वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात केरबाचीच होडी जप्त झाली. वाळूचोर म्हणून त्याच्यावर केस झाली. साहेबांनी त्याच्याकडं चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला आणि वाळूवाल्याच्या भीतीनं गावातलं कोणी जामीन राहिलं नाही. साहेबांनी खाली बघत नाव, बापाचं नाव, गाव विचारलं आणि त्याला तुरुंगात पाठवायच्या हुकुमावर सही केली. हेमचंद्र तेव्हा शाळेत होता. बापाचं बोट धरून त्या कचेरीत उभा होता.

केरबा पावसाळ्यानंतर सुटून आला तो खोकत आला. नदीकडं गेला नाही. कोणाच्या तोंडाकडं बघेना. दोन वर्षांत गेला.

अनघा म्हणाली, तो म्हातारा विसरलाय, तूही सोड. हेमचंद्र म्हणाला की हेच तर खुपतंय. त्यानं विसरावं आणि माझ्या आईनं रोज आठवावं, हे कसं?

दुसऱ्या दिवशी तो वाफ्याकडं गेलाच नाही. सरळ बाकावर, म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसला.

"साहेब, केरबा मल्लाव आठवतो का?"

मनोहर साहेबांनी नाही म्हटलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात, आदरानं, एकेक गोष्ट. होडी कशी होती, कचेरीच्या आवारात ती कुठं उपडी टाकली होती, केरबा कोणत्या दारातून आत आला, कोणत्या दारातून त्याला नेलं. साहेब ऐकायचे, कधी हो म्हणायचे, कधी चहाची वेळ झाली का विचारायचे. घरी जाईपर्यंत सगळं पुसलेलं असायचं. हेमचंद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. लोकांना वाटायचं, कोणी भाचा किंवा पुतण्या म्हाताऱ्याला गोष्टी सांगतोय. एक चिनी आजी त्याच्याकडं बघून कौतुकानं मान हलवायची.

मालतीबाई वाफ्यातून बघत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी केरबाचं नाव ऐकलं होतं. वाळूवाला त्यांचा सख्खा भाऊ होता. त्यांनी डबा आणायचं बंद केलं. पाण्याची बादली त्या पुन्हा स्वतःच आणायला लागल्या. हेमचंद्रला ते दिसत होतं. तो उठत नव्हता.

शेवटी एक दिवस त्या मातीनं भरलेल्या हातांनीच बाकापाशी आल्या.

"मला आठवतं सगळं," त्या म्हणाल्या. "होडी माझ्या खिडकीतून दिसायची. तिच्यावर मी पापड वाळवलेत. काय बोलायचं ते मला बोला."

"तुम्ही सही केली नव्हती, काकू."

"मी भावाला थांबवलं पण नव्हतं."

हेमचंद्रनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तुम्हाला आठवून मला काय उपयोग, म्हणाला, आणि साहेबांकडं वळून पुढं सांगायला लागला.

एप्रिलच्या सुमाराला साहेबांच्या डोक्यात ते रुजलं. पण रुजलं ते भलतंच. एके सकाळी ते आंघोळ न करता सदरा-पँट घालून दाराशी उभे राहिले आणि कचेरीत जायचंय म्हणाले. एक माणूस उगाच आत आहे, त्याच्या सुटकेचा आदेश काढायचाय. मालतीबाईंनी समजावलं, ते खाली बसले. तासाभरानं पुन्हा उठले. केरबा मल्लाव आत आहे, जेवला की नाही कोण बघणार, मला जाऊ दे. सून कामावरून आली तर तिला शिपाई समजून चावी मागायला लागले. नातवंडांच्या वयाची मुलं लिफ्टमध्ये भेटली तर त्यांनाही विचारायचे, तुरुंग कुठल्या बाजूला. मुलं आईकडं बघून तिथल्या इंग्रजीत म्हणायची, "अंकल लॉस्ट लाह."

मालतीबाई मोरीत होत्या तेव्हा एकदा ते दार उघडून गेले. एलआरटीत बसले. ती गाडी सेंगकांगला गोल फिरून पुन्हा तिथंच येते. ते उतरलेच नाहीत. दुपारभर फिरत राहिले, प्रत्येक स्टेशनाला उठायचे, कचेरी नाही असं बघून पुन्हा बसायचे. स्टेशनवरच्या माणसानं पोलिसांना कळवलं. उन्मेष बँकेतून धावत आला तेव्हा बापाची पँट ओली होती आणि पायात एकच चप्पल होती. बापानं मुलाला हात जोडले. म्हणाला, साहेब, माझ्या हातून एक आदेश राहिलाय, तेवढा होऊ द्या, मग मला काढून टाका.

उन्मेष हे ऐकून हादरला. घरी येऊन त्यानं आईला विचारलं आणि आईनं सांगितलं. भावासकट सगळं सांगितलं.

शनिवारी तो वाफ्यावर आला. स्वच्छ कपडे, डोळे तांबारलेले. हेमचंद्र त्याच्याच वयाचा. दोघं उन्हात उभे राहिले. उन्मेष आवाज न चढवता बोलला. बाबांनी जे केलं ते केलं, त्याचा बचाव मी करणार नाही, पण ते आजारी आहेत, आजारी माणसाला असं टोचत राहणं बरं नाही, तुम्ही पुन्हा त्यांच्याजवळ येऊ नका. तो हे इंग्रजीत म्हणाला, कदाचित मराठीत जड गेलं असतं म्हणून.

"माझा बाप पण आजारी होता," हेमचंद्र मराठीत म्हणाला.

उन्मेष मग निघून गेला. त्यानंतर बाक रिकामा राहिला आणि मालतीबाईंचा वाफाही वाळला. हेमचंद्र आपल्या वेलांना पाणी घालत होता, पण त्याचं लक्ष बाकाकडंच जायचं. आता आपल्याला बरं वाटेल, अशी त्याची कल्पना होती. तसं काही झालं नाही. जेवताना घास फिरायचा. मुलगी जाई काही विचारायला आली तरी तो एकदम खेकसायचा. अनघा झोपताना तोंड भिंतीकडं करायला लागली.

मे महिन्यात एका दुपारी कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी आत सांगत आला की बाहेर कोणी इंडियन आजी उभी आहे. हेमचंद्र बाहेर आला. रस्त्यावर सावली नव्हती. मालतीबाई दोन बस बदलून, विचारत विचारत आल्या होत्या. ओढणी डोक्यावर घेतलेली, ओठ कोरडे. त्यानं त्यांना समोरच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये नेलं, पंख्याखाली बसवलं. त्या पाणी प्यायल्या आणि थोडा वेळ श्वास घेत राहिल्या.

साहेब जेवत नाहीत, त्या म्हणाल्या. घास पुढं केला की आधी केरबाला द्या म्हणतात. दाराला उन्मेषनं वरून कडी लावलीय, तर ते दार ठोठावत बसतात. हाताची कातडी सोलून निघालीय. डॉक्टरांनी औषध दिलं, त्यानं नुसती गुंगी येते, जागे झाले की पुन्हा तेच.

"तुम्ही केरबाचा मुलगा आहात. चेहरा त्यांच्यासारखाच असेल. एकदा समोर या आणि सुटलो म्हणा. एवढाच शब्द. त्यांना खरं वाटेल."

हेमचंद्र टेबलावरचा पाण्याचा डाग बोटानं पसरत होता.

"खोटं नाही सांगणार मी, काकू. माझा बाप सुटलाच नाही. घरी आला तो कोणी दुसराच होता."

त्या रडल्या नाहीत. मान हलवली, ओढणी सारखी केली आणि टेबलाचा आधार घेऊन उठायला लागल्या. उठताना गुडघा अडकला, त्या पुन्हा बसल्या. तेव्हा तो म्हणाला की मी येतो. पण जे खरं ते सांगेन. त्यांनी थोडा विचार केला आणि या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला. उन्मेषनं दार उघडलं, आईकडं बघितलं आणि बाजूला झाला. साहेब दाराजवळच्या खुर्चीत होते. अंगावरचा सदरा खांद्यावरून लोंबत होता. हाताच्या सांध्यांना पट्ट्या. हेमचंद्र समोर उभा राहताच त्यांनी धडपडत उठायचा प्रयत्न केला.

"केरबा. आलास? कोणी सोडलं तुला?"

 हेमचंद्रला वाटलं, हो म्हणावं आणि जावं. त्याच्या तोंडाशी तो शब्द आला होता. पण तो खाली वाकला, म्हाताऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"मी केरबा नाही. त्याचा मुलगा. केरबा मेला, साहेब. पंचवीस वर्षं झाली."

"मेला?"

"हो."

"आतच?"

"नाही. घरी. पण तुम्ही आत टाकलंत त्यानं मेला."

साहेबांचे ओठ हलत राहिले. डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांतून वाकडंतिकडं उतरलं, त्यांनी ते पुसलं नाही. आणि मग किती तरी दिवसांनी ते स्पष्ट बोलले, पूर्वीच्या आवाजात, पण वर बघून.

"त्यानं काही केलं नव्हतं. मला माहीत होतं. सही माझी आहे."

उन्मेष भिंतीला टेकला. मालतीबाईंनी पदरासारखी ओढणी तोंडाशी धरली. हेमचंद्र खाली फरशीवर बसला. साहेबांनी पट्ट्या बांधलेला हात त्याच्या डोक्याच्या दिशेनं नेला आणि मध्येच थांबवला.

"तुझी आई आहे?"

"आहे."

"तिला सांग..."

हेमचंद्रनं वाट बघितली. म्हाताऱ्याचं तोंड अर्धवट उघडं होतं, शब्द जिभेवर असल्यासारखं. मग कपाळावरची आठी हळूहळू सुटली. नजर हेमचंद्रवरून घसरून खिडकीकडं गेली, तिथून पंख्याकडं.

"काय सांगू, साहेब?"

साहेबांनी मालतीबाईंना विचारलं की हे गृहस्थ कोण, आणि यांना चहा दिला का.

हेमचंद्रनं पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. अंधार व्हायला लागला तरी तो फरशीवर बसून होता. मालतीबाईंनी चहा केला. साहेब बशीत ओतून प्यायले, सगळा प्यायले. नंतर दूधभातही थोडा खाल्ला. केरबाचं नाव त्यांनी काढलं नाही. हेमचंद्र उठला तेव्हा उन्मेष त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत आला आणि बटण त्यानंच दाबलं.

त्या दिवसानंतर साहेबांनी दार ठोठावलं नाही. बोलणंही सोडलं. पडून राहायचे, कूस बदलायला दोन माणसं लागायची. पाऊस परत सुरू झाला, बागेतले वाफे तरारले, आणि जूनमध्ये छातीत कफ भरून ते इस्पितळात वारले.

मालतीबाई एकदा वाफा रिकामा करायला आल्या. वेल उपटून पिशवीत भरताना त्यांनीच सांगितलं की मंडाईच्या स्मशानात दहन झालं, पाऊस होता, फार कोणाला बोलावलं नव्हतं. आपण आता पुण्याला जाणार. हेमचंद्रनं विचारलं, शेवटी काही बोलले का? त्या थांबल्या. त्याला काय ऐकायचंय हे त्यांना कळलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत, मी पण तुम्हाला सांगत नाही."

त्यानं त्यांची पिशवी बसपर्यंत पोचवली. बस सुटताना त्यांनी हात केला नाही, पण काचेतून त्या त्याच्याकडं बघत होत्या.

रविवारी आईचा फोन आला. ती गावीच राहायची, सिंगापूरला येत नव्हती. पाऊसपाणी, शेळी व्याली, शेजारणीच्या नातीचं लग्न, असं सगळं सांगून झालं. मग हेमचंद्र म्हणाला,

"आये, तो तहसीलदार हितं व्हता. मेला गेल्या म्हयन्यात."

पलीकडून काही ऐकू येईना. फोन तुटला की काय म्हणून त्यानं पुन्हा हाक मारली.

"हाय, हाय," आई म्हणाली. "तुला भेटला व्हता?"

"व्हय."

"वळख दिलीस?"

"दिली."

"मग? काय म्हनला?"

अनघा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हेमचंद्रनं तिच्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

"तुजं नाव घिऊन बोलला, आये. म्हनला, तुज्या आईला सांग, माजी चूक झाली. मला माफ कर म्हनला."

"माजं नाव?"

"व्हय. सुंदराबाईला सांग, म्हनला."

आईचा श्वास ऐकू येत होता. कुठं तरी लांब कोणी बैल हाकत होतं.

"रडला का रं?"

"रडला."

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं बाबा. म्हाताऱ्या मानसाला रडवू नये, पर बरं झालं." आणि मग ती स्वतःच रडायला लागली, दाबून, तोंडात पदर धरून, केरबा गेला तेव्हा रडली होती त्याहून किती तरी जास्त. हेमचंद्र फोन कानाला धरून बसून राहिला. खाली मुलं सायकली फिरवत होती. अनघा आली आणि त्याच्याजवळ बसली.